नाकाडातला फोम

महांतेशने इंजिनाचा दांडा पूर्ण पुढे ढकलला आणि होडी सरळ तलावातल्या दगडी खांबावर सोडली. काठावरून बायकोची, मंजुषाची किंकाळी आली. त्याने मागे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर हात वळला असता आणि सगळ्या मेहनतीवर पाणी पडलं असतं.

बरं, हा काही कोकणातला दर्यावर्दी नव्हे. उदगीरच्या अडत्याचा पोरगा. सात पिढ्यांत कुणी समुद्र पाहिलेला नाही. लातुरात फायबरच्या टाक्या बनवता बनवता याच्या डोक्यात किडा शिरला, की जहाजाच्या अंगाला दोन भिंती आणि मधे फोम असं कवच केलं, तर टक्कर झाली तरी जहाज बुडणार नाही. बंदरावरचे साहेब म्हणाले, आधी लहान होडीवर करून दाखवा. म्हणून लोह्याजवळचा हा तलाव. आणि पठ्ठ्या स्वतःच होडीत बसला!

त्यावरून घरात रोज रणकंदन. आई नीलाबाई काही केल्या ऐकेना.

"दुसरं कुणी न्हाई का बसायला?"

"दुसऱ्याच्या लेकराला बसवू का मग? अव्वा, बाहेरचं फुटतंय, आतलं न्हाई. फुटण्यासाठीच केलंय ते."

काल सकाळी मात्र ती कारखान्यात आली. होडीला विभूती लावली, पुढच्या टोकाच्या, नाकाडाच्या दोन भिंतींमधल्या पोकळीत हात घालून बेलाची पानं सोडली. दोन पानांनी काय होतं, म्हणून महांतेशने चालू दिलं. वरून फोम ओतला, तो फसफसून फुगला, पोकळी बंद झाली. तेव्हापासून म्हातारीच्या पोटात अन्नाचा कण नाही, पाण्याचा घोट नाही. 'उपास हाय,' एवढंच. महांतेशचं टाळकंच सरकलं. आज निघताना तो तिच्या अंगावर ओरडला होता, "माझ्याविरुद्ध उपोषण करायलीस का? मेलीस तरी बसणार हाय मी!"

धाडकन आदळली होडी. तो गुडघ्यांवर फेकला गेला. कानात नुसती शिट्टी वाजत होती. मग त्याने भीतभीत होडीच्या तळावरून हात फिरवला. कोरडा! पुन्हा फिरवला. थेंबसुद्धा नाही. त्याला एकदम रडूच फुटलं.

दोर ओढून माणसांनी होडी काठाला घेतली. बाहेरची भिंत कलिंगडासारखी उकलली होती आणि आतला पिवळा फोम दिसत होता. आतली भिंत चाचपायला महांतेशने चिरेत हात घातला. बोटांना काहीतरी गार लागलं. फोमचे लचके तोडून त्याने ते बाहेर काढलं.

चांदीची करडगी. आईच्या गळ्यातली, इष्टलिंग ठेवायची डबी. कडेला त्याच्याच दुधाच्या दातांची खूण.

दीक्षा झाल्यापासून जे तिने कधी देहावेगळं केलं नव्हतं, जे मेल्यावर तिच्यासोबत मातीतच जायचं, ते या फोममध्ये? आणि लिंगपूजा झाल्याशिवाय ती पाण्याचा घोट घेत नाही, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. अरे देवा, आणि तो काय बोलला होता तिला!

नीलाबाई झाडाखाली बसली होती. पदराआड मूठ गळ्याशी धरलेली, ओठ सुकून फुटलेले. आधी तिने त्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

"लागलं का रे कुठं?"

"न्हाई." त्याने करडगी पुढे केली. "अव्वा, हे... हे बाहेरचं फुटलंच नसतं तर? तू काय तशीच उपाशी ऱ्हाणार होतीस?"

नीलाबाईने करडगी डोळ्यांना लावली.

"तूच म्हणला होतास की, बाहेरचं फुटतंय म्हणून." मग ती सुनेकडे वळली. "मंजुषा, पाणी आण गं. पूजा करते."

मंजुषाने आणलेला तांब्या महांतेशनेच घेतला. घाईघाईत निम्मं पाणी जमिनीवर सांडलं. नीलाबाईने करडगी उघडून लिंग डाव्या तळहातावर ठेवलं आणि हात त्याच्यापुढे धरला.

"ओत," ती म्हणाली. "सावकाश."