फौजींचं पान

मी एक जुना कागद आहे, मित्रांनो. हदगाव तालुक्यातल्या एका गावाच्या मतदारयादीचं अगदी शेवटचं पान. तसं माझं वय फार नाही, पण एक निवडणूक पाहिलेला कागद म्हाताराच धरतात.

माझा जन्म नांदेडच्या एका छापखान्यातला. मशीनमधून बाहेर पडलो तेव्हा अंग कोमट होतं आणि वाटलं, आता सगळं गाव आपल्याला वाचणार. माझ्या आधीच्या पानांवर माणसांचे फोटो होते. माझ्यावर फोटो नव्हते. नुसती पाच नावं आणि पुढे पलटणींचे पत्ते. हे गावचे फौजी. चेहरे नसल्यामुळे ते मला मनानंच काढावे लागायचे. एकाला मी बर्फात उभा केला, एकाला जहाजावर. पाचवा हरिओम पवळे. तो दक्षिण सुदानात, संयुक्त राष्ट्रांची निळी टोपी घालून दुसऱ्यांची भांडणं थांबवायला गेलेला. तिथे नाईल नदी आहे म्हणे. मी ती पैनगंगेएवढीच रुंद करून ठेवली होती, त्याला ओळखीची वाटावी म्हणून.

आमच्या गावात यादी मोठ्यानं वाचायची रीत आहे. चावडीसमोर सतरंजी पडते, गुरुजी नाव घेतात, लोक ‘हाय’ म्हणतात किंवा ‘गेलं’ म्हणतात. गेलं म्हणजे सासरी, पुण्याला की कायमचं, ते आवाजावरून ओळखायचं. त्या दिवशी पुढे बसले होते व्यंकटदादा, हरिओमचे वडील. मांडीवर वही, कानाला पेन. त्यांनी दोन मयत पकडले, एकच बाई दोन फोटोंत पकडली, आणि एका घर क्रमांकावर बेचाळीस मतदार पकडले.

“गुरुजी, त्या नंबरावर घर न्हाई. मन्मथच्या चुलत्याचा म्हशीचा गोठा हाय.”

“म्हशी तुमच्याहून शहाण्या हायत दादा,” मन्मथ मागून म्हणाला. “मतदानाला जातील, पण वही घेऊन बसणार न्हाईत.”

लोक हसले. व्यंकटदादा हसले नाहीत. “एका माणसाला एक मत,” ते म्हणाले. “कुणाच्या दोन बोटांना शाई दिसली, तर मी तिथंच धरणार.”

पुढे चौकशी झाली. एका मयताचं नाव निघालं. दुसऱ्याचं राहिलं, कारण त्याचा दाखला आणायला घरात कोणी उरलं नव्हतं. गोठ्याचं काम तपासावर आहे.

आणि मी? गुरुजी माझ्यापर्यंत आले आणि त्यांनी यादी मिटली. “फौजींचं काय वाचायचं,” म्हणाले. “ते तर इथं नाहीतच.”

मित्रांनो, न वाचलेल्या कागदाला फार स्वप्नं पडतात. तहसीलच्या कपाटात मी नाईलच्या काठी सोयाबीन पेरायचो.

मग एके दुपारी मला बाहेर काढलं. मागच्या वेळी हरिओमची टपालाची मतपत्रिका निकाल लागल्यावर पोचली होती. म्हणून यंदा त्यानं कायद्यातली दुसरी वाट धरली. फौजीला आपल्या वतीनं मत द्यायला गावातला एक माणूस नेमता येतो. त्यानं वडिलांना नेमलं. कारकून श्रद्धाताईंनी माझ्यावर त्याच्या नावापुढे व्यंकटदादांचं नाव लिहिलं. निवडणुकीला उभे होते एक डॉक्टर आणि एक वकील. दादांनी तिथंच पोराला फोन लावला. पडद्यावर लाल माती दिसली, निळी टोपी दिसली. मी काढलेल्या चेहऱ्यापेक्षा खरा चेहरा बराच काळा आणि थकलेला होता.

“बाबा, माझं मत डॉक्टरला टाकायचं.”

“डॉक्टरला? अरे, आपण वकिलाकडचे हावोत. घरादाराला ठाऊक हाय.”

“तुमचं वकिलाला टाका ना. माझं डॉक्टरला. बाबा, यंदा तरी मत पडंल म्हणून लई आशेनं वाट बघून राहिलो.”

दादांनी फोन खिशात घातला. “ताई, आत मी कोणतं बटन दाबलं, ते त्याला तिकडं दिसतं का?”

“नाही काका. कुणालाच दिसत नाही.”

दादांनी माझ्यावरच्या दोन्ही नावांवरून बोट फिरवलं.

मतदानाच्या दिवशी मी शाळेतल्या टेबलावर होतो. दादा सकाळीच आले, पहिल्या बोटाला शाई लावून घेतली, स्वतःचं मत दिलं, मिशीत हसत बाहेर गेले. तासाभरानं पोराच्या मतासाठी पुन्हा रांगेत. टेबलावरच्या कारकुनानं नाव मोठ्यानं न घेताच माझ्यावर खूण केली, आणि दुसऱ्याच्या वतीनं दिलेल्या मताची शाई मधल्या बोटाला लावतात, तशी ती लावलीही. तेवढ्यात बाकावरून मन्मथ उठला. तो डॉक्टरचा पोलिंग एजंट.

“मॅडम, यांची दोन बोटं बघा.”

 मन्मथनं आपली यादी पुढे केली. तिच्यात मी नव्हतो. कोण वाचतंय म्हणून झेरॉक्स काढतानाच मला वगळलं होतं.

“गावाला कायदा शिकवून राहिले होते तुम्ही दादा. एका माणसाला एक मत. तुमचाच शब्द हाय. जा घरी, मी बी कुठं बोलणार न्हाई.”

बिचाऱ्याला कुठं ठाऊक, तो स्वतःच्याच डॉक्टरचं मत परत पाठवत होता. आणि दादांना तर घरी जायला एवढं चांगलं निमित्त जन्मात मिळालं नसतं. अब्रू वाचली असती, वकिलाच्या विरुद्ध जाणारं एक मत टळलं असतं, पोराला सांगायला मन्मथ होताच.

दादा दाराकडे वळले. दोन पावलं गेले. थांबले.

“मॅडम,” ते म्हणाले, “शेवटचं पान काढा.”

मुदखेडच्या उज्वला मॅडम केंद्राध्यक्ष होत्या. त्यांनी मला उघडलं आणि मोठ्यानं वाचलं. “हरिओम व्यंकट पवळे. सेनादल. प्रतिनिधी, वडील.” माझं जन्मात झालेलं एवढंच वाचन. मला नदीच्या पाण्यावर ठेवल्यासारखं हलकं वाटलं.

मन्मथ बसला. दादा पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेले. सकाळी ते क्षणात परतले होते. आता यंत्राचा आवाज येईना. एकदा खोकले. मग यंत्राची लांब शिट्टी वाजली. बाहेर आले तेव्हा तोंड कडू काढा प्यायल्यासारखं होतं.

“काय दादा, पोराचं कुणाला गेलं?” मन्मथनं हळूच विचारलं.

“ते त्याचं हाय. त्याला इचार.”

बटन कोणतं दाबलं ते मी पाहिलं नाही, मित्रांनो. पण वकिलाला मत देऊन असं तोंड करणारा माणूस मला तरी माहीत नाही.

आता मी सीलबंद पोत्यात आहे. मुदत संपली की माझा लगदा होईल. मला जपा असं मी म्हणत नाही. एवढंच मागतो: दूर असलेल्या कुणी आपली एखादी गोष्ट तुमच्या हाती सोपवली आणि बघायला कोणी नसलं, तर ती त्याच्या मनासारखी करा. मग तोंड कितीही कडू होवो.