पाच मिनिटांचा तपकिरी रंग

वाचकहो, फुफ्फुसाच्या कर्करोगात वाढीचा संदेश झेलणारे प्रथिन शोधताना माझ्या हातून जो अपराध घडला, तो मी येथे यथामती कथन करीत आहे.

मी सातवी उत्तीर्ण असून रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रुग्णांच्या गाठीचे तुकडे बसवलेल्या मेणाच्या ठोकळ्यांतून केसाहून पातळ काप काढतो व काचपट्टीवर चढवून त्यांना रंग देतो. एके सकाळी त्यांत माझ्या थोरल्या भावाचा ठोकळा आला. आदल्या दिवशीच दादा म्हणाला होता, "लहानपणी माझ्या वह्या कापायचास, आता मलाच काप." वहिनी हसली नव्हती.

डॉक्टर मॅडमनी मला पूर्वी समजावले होते की, या रोगाच्या जाती अनेक. लहान पेशींच्या जातीत ते प्रथिन सहसा अत्यल्प, इतर काहींत विपुल. असेल तर काप तपकिरी होतो, नसेल तर शेवटी दिलेल्या रंगाने निळा दिसतो. दादाला त्या प्रथिनाला रोखणारे नवे औषध द्यावयाचे की नाही, हे त्या रंगावर ठरणार होते. तुकडा मोहरीएवढा, इतर तपासण्यांनंतर दोनच काप निघाले.

तपकिरी रंग आणणारे द्रावण कापावर घालून पाच मिनिटांनी धुवावयाचे, असा दंडक आहे. पाच मिनिटे झाली तरी काप फिकाच. नळाकडे गेलेला हात मी मागे घेतला. पंधराव्या मिनिटाला काप तपकिरी झाला आणि माझ्या जिवात जीव आला.

मॅडमनी तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, मग त्याच थाळीतली कंट्रोल पट्टी लावली. तिच्यावरच्या कापात ते प्रथिन नाही हे आधीच ठाऊक असते. ती निळीच दिसावयास हवी. तीही तपकिरी होती.

"किती वेळ ठेवलंत?"

मी खरे ते सांगितले, आणि काप कोणाचा तेही.

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "खोट्या रंगावर औषध दिलं, तर दादांचे मोलाचे महिने फुकट जातील. एकच काप उरलाय. या वेळी घड्याळ मी धरते."

पाच मिनिटे होताच त्यांनी "धुवा" म्हटले. मी धुतला व शेवटचा निळा रंग दिला.

काप निळा निघाला.

सायंकाळी दादाने विचारले, "काय रे, कोणता रंग?" मी सांगितला. वहिनीने पदर तोंडाला लावला. दादा एवढेच म्हणाला, "बरं. मग दुसरं औषध." त्याने धरलेला माझा हात मात्र सोडला नाही, त्याची बोटे बर्फासारखी गार होती.

येथवर वाचल्याबद्दल वाचकांचा ऋणी, आपला नम्र, प्रयोगशाळेतील 'काचपट्टी काका'.