कारणाचा रकाना

सरिताला जुळं झालं, ते वर्ष दोन हजार चोवीस. जानेवारीत हिंगण्याच्या माहेरघरी बारसं झालं. आत्याबाईंनी घाईघाईत थोरल्याचं नाव धाकट्याच्या कानात सांगितलं, आणि मग थोरला कोण न् धाकटा कोण यावरून घरात जो वाद लागला तो अजून मिटलेला नाही. दोन बाळं, त्यांच्या दुपट्यांच्या दोऱ्या, शेक-शेगडी, बघायला येणारी मंडळी. अशा घरात सरिताची धाकटी बहीण करिष्मा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. विषय भूगोल. घरी नकाशा पसरला की त्यावर कोणीतरी बाळ ठेवत असे. म्हणून ती सकाळीच बसने कॉलेजात जायची आणि संध्याकाळपर्यंत भूगोलाच्या प्रयोगशाळेत ठाण मांडायची.

वडील गणपतराव एमआयडीसीतल्या कंपनीत पाळीवर जात. मुलीने भूगोल घेतला तेव्हा ते जेवता जेवता थांबले होते. "सारं जग त सापडून गेलं वं पोरी," ते म्हणाले, "आता तू काय नवीन शोधून राहिली?" पण अडवलं नाही. फक्त एवढं सांगितलं, की एकदा नापास झालीस तर दुसऱ्या वर्षी कॉलेज नाही. आमच्या कंपनीत पॅकिंगला पोरी लागतातच.

पहिल्या वर्षी करिष्मा बटाटे कापून डोंगर शिकली. अर्धा बटाटा पालथा ठेवायचा, त्याच्या आडव्या चकत्या करायच्या, एकेका चकतीभोवती पेन्सिल फिरवायची, की कागदावर डोंगराच्या उंचीच्या रेषा उमटतात. तास संपला की प्रयोगशाळेचे परिचर भैय्याजी ते सगळे डोंगर पिशवीत भरून घरी न्यायचे. दुसऱ्या दिवशी विचारलं तर सांगायचे, "तुया हिमालयाची भाजी चांगली झाली, सातपुडा जरा कच्चा राह्यला."

दुसऱ्या वर्षी गावाची पाहणी. पारशिवनीजवळचं एक गाव, तिथलाच वर्गातला अश्विन. छापील प्रश्नांचे कागद घेऊन पोरं घरोघर गेली. एका म्हातारीने करिष्माला ओट्यावर बसवून घेतलं आणि घरात माणसं किती, बाप काय करतो, लग्न काहून नाही केलं, बकऱ्या आहेत का, असे सगळे प्रश्न उलट तिलाच विचारले. परत येताना करिष्माच्या लक्षात आलं, की कागदावर तिने स्वतःच्याच घरची माहिती भरली आहे. अश्विनने ती बात वर्षभर पुरवून वापरली.

आणि तिसऱ्या वर्षी होकायंत्र आलं.

हे होकायंत्र तिपाईवर बसवायचं. त्याच्या काचेला डोळा लावून समोरच्या खुंटीकडे पाहायचं, की आतली तबकडी फिरून थांबते आणि दिशेचा आकडा दिसतो. हा पुढचा कोन. मग त्या खुंटीवर जाऊन पहिल्या खुंटीकडे वळून पाहायचं. हा परतीचा कोन. माणूस पुरता पाठमोरा वळला, म्हणजे दोन्हींत बरोबर एकशे ऐंशी अंशांचा फरक पडला पाहिजे. मैदानात अशा पाच खुंट्या. पाचही फिरून पहिलीवर परत आलं, की कागदावर मैदानाची आकृती बंद व्हायला हवी.

कॉलेजामागच्या मैदानाची आकृती कधीच बंद होत नसे. विभागप्रमुख श्रीधर सर निवृत्त होईपर्यंत सांगत आले, की इथे जमिनीखाली मँगनीज आहे, ते सुई ओढतं. पोरांनी त्यावर आपला तोडगा काढला होता. पुढचा कोन मैदानात वाचायचा आणि परतीचा घरी बसून एकशे ऐंशी मिळवून लिहायचा. ही युक्ती दर वर्षी नव्या पोरांना भैय्याजीच सांगत. "उन्हात काहून मरून राहिले गा? मिळवा एकशे ऐंशी अन् मोकळे व्हा!" सर सही करत, पोरं पास होत.

या वर्षी श्रीधर सरांच्या जागी मुग्धा मॅडम आल्या. तासिकेवर नेमलेल्या, वयाने लहान, आवाजाने त्याहून लहान, पण नजर मोठी. त्यांनी पहिल्याच दिवशी मैदानवहीत दोन नियम लावले. आकडे जागेवर शाईने लिहायचे, खोडायचं नाही. आणि फरक एकशे ऐंशी आला नाही तर शेवटी आखलेल्या नव्या रकान्यात कारण लिहायचं.

"कारण माहीत नसलं तर?" रितिकाने विचारलं. करिष्मा, अश्विन आणि रितिका असा तिघांचा गट होता.

"तर शोधायचं," मॅडम म्हणाल्या. "शनिवारपर्यंत. कारणाशिवाय मी सही करणार नाही, आणि सही नसेल त्याला प्रात्यक्षिक परीक्षेला बसता येणार नाही."

प्रात्यक्षिक बुडालं की वर्ष बुडालं. करिष्माला पुठ्ठ्याच्या खोक्यांचा वास आला.

सोमवारी पाच खुंट्या फिरून झाल्या. एकाही रेषेत एकशे ऐंशीचा फरक नाही. कुठे एकशे शहात्तर, कुठे एकशे सत्त्याऐंशी. मंगळवारी पुन्हा केलं, ते आणखी वेगळं. बुधवारी तिसरी फेरीही चुकली, तेव्हा अश्विनने नारळ फोडायची गोष्ट काढली.

लोखंड जवळ असलं की होकायंत्र बिघडतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. भैय्याजी त्याबाबतीत फार कडक. सुरुवात करण्याआधी ते सगळ्यांची झडती घेत. "कडं काढ बे. चाव्या दे. मोबाईल टाक थैलीत. रितिका, केसातले चिमटे काढ वं, लग्नाले नाई जाऊन राहिली तू." सगळं लोखंड कापडी थैलीत भरून ते दूर आपल्या सायकलला अडकवत आणि मग येऊन तिपाईचा एक पाय धरून उभे राहत. तो पाय फार वर्षांपूर्वी ढिला झाला होता, सुतळीने बांधलेला. धरला नाही तर तिपाई कलते. म्हणून प्रत्येक खुंटीवर, प्रत्येक वाचनाला, भैय्याजी तिथे हवेतच.

भैय्याजी ठवरे एप्रिलअखेर निवृत्त होणार होते. बत्तीस वर्षांची नोकरी. लागले तेव्हा अंगठा उठवत. अक्षरं ते तिशी उलटल्यावर शिकले, तीही नकाशांवरून. नदीच्या निळ्या रेघेवर नाव असायचं, ती कोणती नदी हे पोरांकडून ऐकून ठेवायचे आणि मग अक्षरांशी जुळवून पाहायचे. अजून वाचताना बोट फिरवत. निरोपाच्या कार्यक्रमाचं मानपत्र लिहायचं काम त्यांनी करिष्माला दिलं होतं, कारण तिचं अक्षर चांगलं.

"बाकी काही बी लिव," ते म्हणाले होते, "पण एक लिवच. बत्तीस वर्सांत भैय्याजीनं कंपासजवळ एक खिळा येऊ देला नाई."

ते वाक्य करिष्माने पहिल्या ओळीत घेतलं होतं. कच्चा कागद तिच्या दप्तरात होता.

शुक्रवारी सकाळी चौथी फेरी. ऊन चढत होतं. दुसऱ्या खुंटीवर, कडुनिंबाजवळ, करिष्मा काचेला डोळा लावून तबकडी थांबायची वाट पाहत होती. थांबली. ती आकडा वाचणार, एवढ्यात तबकडी सरकली. चांगली आठ अंश. तिने डोकं वर केलं. भैय्याजी एका हाताने तिपाईचा पाय धरून, दुसरा हात लांब करून, अडकित्त्याने सुपारी कातरत होते.

"काय झालं वं?"

"काही नाही." तिने पुन्हा डोळा लावला. भैय्याजींनी सुपारी तोंडात टाकली, अडकित्ता शर्टाच्या वरच्या खिशात ठेवला. तबकडी सरकून परत आपल्या जुन्या जागी गेली.

अडकित्ता सासरवाडीकडून आलेला, काळा, लोखंडी, वजनदार. तो भैय्याजींच्या खिशात असे, जसं शर्टाला बटण असावं. त्यांना तो वेगळी वस्तू वाटतच नव्हता. आणि तिपाई धरून वाकले की तो खिसा होकायंत्रापासून वीतभर अंतरावर यायचा.

करिष्माने डोकं दुखतं म्हणून काम थांबवलं आणि दोघांना कँटीनमध्ये नेऊन सगळं सांगितलं. अश्विन इतका हसला, की त्याच्या नाकातून चहा आला. मग त्याने कप खाली ठेवला.

"मानपत्र?" तो म्हणाला.

"तेच ना."

रितिकाने उपाय काढला. "उद्या त्याईले चहा आणायले पाठवू. तेवढ्यात आपण वाचून घेऊ."

"अन् आधीच्या तीन फेऱ्या? शाईनं लिहिल्या आहेत. कारणाचा रकाना कोरा आहे."

"मँगनीज लिही ना बे," अश्विन म्हणाला. "माया गावाकडं खाणी हायेत, मी साक्ष देतो."

"मग उद्या सगळं बरोबर आलं की मॅडम विचारतील, मँगनीज रातोरात कुठे गेलं?"

खरं लिहावं तर भैय्याजींची बत्तीस वर्षं एका रकान्यात बुडत होती. न लिहावं तर तिघांचं वर्ष. करिष्मा दोनदा प्रयोगशाळेच्या दारापर्यंत गेली आणि दोनदा पाणी पिऊन परत आली. तिसऱ्यांदा आत शिरली. भैय्याजी भांडाराच्या खोलीत नकाशांच्या गुंडाळ्यांवरची धूळ झटकत होते.

"भैय्याजी, तुमचा अडकित्ता द्या जरा."

"काहून? सुपारी खायले लागली का?"

तिने होकायंत्र लाकडी टेबलावर ठेवलं, झाकण उघडलं आणि अडकित्ता जवळ नेला. तबकडी फिरली. लांब नेला, परत आली. भैय्याजींनी तो तिच्या हातून घेतला आणि स्वतः करून पाहिलं. जवळ, लांब. जवळ, लांब. सात-आठ वेळा. मग ते स्टुलावर बसले.

"बत्तीस वर्सं," ते म्हणाले.

बाहेर कोणीतरी व्हॉलीबॉल आपटत होतं.

"म्हंजे," भैय्याजी हळूच म्हणाले, "श्रीधर सरायचं मँगनीज माया खिशात होतं?" आणि त्यांचं पोट हलायला लागलं. हसता हसता त्यांना ठसका लागला, करिष्माने पाठीवर हात फिरवला. डोळे पुसून झाल्यावर त्यांनी विचारलं, "मंग? काय लिवणार तू?"

"मी दुसरं काहीतरी लिहिते. तुमचं नाव खराब होईल."

"नाव?" भैय्याजी उठले. त्यांनी कपाट उघडलं. आत जुन्या मैदानवह्यांचे गठ्ठे होते, सुतळीने बांधलेले. "पाह्य. हे सारे मी वाह्यले. टेबल मी वाह्यला, मोजणीची साखळी मी वाह्यली, तिपाई मी धरली. पोट्ट्यांचं नाव हाय, सरायचं नाव हाय, कंपासच्या कंपनीचं बी नाव हाय. मायं नाव एका वहीत दाखव."

तिने वरच्या गठ्ठ्याची सुतळी उगाच घट्ट केली.

"तुया त्या रकान्यात जागा किती हाय?"

"दोन ओळी."

"मंग पुरं लिव. भैय्याजी ठवरे. अन् ते खिळ्याचं वाक्य काहाडून टाक मानपत्रातलं. खोटं हाय ते."

"मॅडम रागावल्या तर?"

"तुयावर कायले रागावतीन? अन् मले एप्रिलात कोण काहाडते वं नोकरीवरून? मीच जाऊन राहिलो."

शनिवारी सकाळी अश्विनने तिपाईचा पाय धरला. भैय्याजी अडकित्ता घेऊन चाळीस पावलांवर मैदानाच्या कडेला उभे राहिले आणि तिथून सूचना ओरडत राहिले. पहिली रेष, एकशे ऐंशी. दुसरी, एकशे ऐंशी. तिसरीत अर्ध्या अंशाचा फरक, तो अश्विनला शिंक आल्यामुळे. दुपारी कागदावर आकृती काढली तेव्हा शेवटची रेष पहिल्या टिंबाजवळ येऊन थांबली; मध्ये तीळ मावेल एवढी जागा उरली होती.

मुग्धा मॅडमनी वही उघडली. आधीच्या तीन फेऱ्यांसमोर करिष्माने लिहिलं होतं: 'कारण: प्रयोगशाळा परिचर श्री. भैय्याजी ठवरे यांच्या शर्टाच्या खिशातील लोखंडी अडकित्ता. ते तिपाई धरून उभे होते.'

मॅडमनी दोनदा वाचलं. मग दारात उभ्या असलेल्या भैय्याजींकडे पाहिलं. "हे खरं आहे?"

"हाव मॅडम. पाह्यजे त करून दाखवतो."

त्यांनी करून दाखवलं. मॅडम ओठ दाबून पाहत राहिल्या, पण शेवटी त्यांनाही हसू आवरेना. त्यांनी तिघांच्याही वह्यांवर सही केली. भैय्याजी पुढे आले, वही आपल्याकडे वळवून घेतली आणि त्या दोन ओळींवरून बोट फिरवलं. नावापाशी बोट थोडं जास्त थांबलं.

"याची झेरॉक्स भेटन का?" त्यांनी विचारलं.

तीस एप्रिलला निरोपाचा कार्यक्रम झाला. श्रीधर सर पहिल्या रांगेत शाल पांघरून बसले होते. भैय्याजींनी माईक हातात घेतला आणि स्वतःच्या तोंडाने सगळी हकीकत सांगितली, खिशातून अडकित्ता काढून म्हणाले, "सर, हे घ्या तुमचं मँगनीज." सभागृह कोसळायचं बाकी राहिलं. श्रीधर सरांनी अडकित्ता हातात घेऊन उलटसुलट पाहिला. मग चष्मा काढला, पुसला, आणि एकदा हसायला लागले ते चहा येईपर्यंत थांबले नाहीत.

करिष्मा पास झाली. पॅकिंगला जावं लागलं नाही, तिने एम.ए.ला नाव घातलं. जुळ्यांपैकी एक जण, थोरला की धाकटा ते देव जाणे, तिच्या नकाशांवर चालायला शिकला. विभागात तिपाईला नवा पाय आला. झडतीचं काम आता दुसरा परिचर करतो, आणि तो पहिली झडती स्वतःची देतो, असा मॅडमचा नियम आहे.

झेरॉक्सचा तो कागद भैय्याजींच्या घरी मानपत्राच्या शेजारी, चौकटीत आहे. भैय्याजी ठवरे रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात, हृदयविकाराने, मंगळवारी अठरा नोव्हेंबर दोन हजार पंचवीसला सकाळी वारले.