प्यो दादांचा पाय

टॅक्सीवाल्यांच्या खानावळीत जेवण चांगलं असतं आणि बोलणं वाईट. कोरियातल्या गुन्सान बंदराच्या रस्त्यावर मावशीची खानावळ आहे. तिथे मी बावीस वर्षं जेवतोय, आणि वाद घालण्यात माझा हात धरणारा अजून कोणी भेटलेला नाही. आपण वाद हरावा असं मला एकदाच वाटलं, ते त्या नोव्हेंबरात.

झालं असं की आदल्या दुपारी प्यो दादांची टॅक्सी उतारावरून मावशीच्या अंगणात वळली आणि थांबायच्या ऐवजी सुसाट सुटली. अंगणात हिवाळ्याच्या किमचीच्या लोणच्यासाठी कोबीचे तीनशे गड्डे रचून ठेवले होते. गाडी त्या ढिगात शिरली आणि तिथेच रुतली. दादांना साधं खरचटलंही नाही. बंपर लोंबत होता, कोबीचा चेंदामेंदा झाला होता आणि मावशी दारात पळी घेऊन उभी होती. दादा खाली उतरले आणि एवढंच म्हणाले, "मी ब्रेकच दाबला होता. ब्रेक दगडासारखा घट्ट झाला होता."

आता हे वाक्य आमच्या धंद्यात कोणी उच्चारलं की लगेच दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो गाडी सुटली, दुसरा म्हणतो पाय चुकला. पहिल्या पक्षाचा म्होरक्या नामगुंग. वय पंचेचाळीस, दिवसभर फोनवर अपघातांचे व्हिडिओ बघतो आणि त्यालाच अभ्यास म्हणतो. दुसऱ्या पक्षाचा म्होरक्या मी.

दुसऱ्या दिवशी जेवायला बसलो तेव्हा नामगुंगने सूपमध्ये चमचा बुडवायच्या आधीच तोंड उघडलं. "गिलदादा, आता तरी माना. आठ महिन्यांची गाडी! सगळा कारभार कंप्युटरच्या हातात. आपण पाय ठेवतो, ते कंप्युटरला कळतं, मग तो इंजिनाला सांगतो. त्याचं डोकं एक सेकंद फिरलं की गेलोच आपण."

"कंप्युटरचं नाही, माणसाचं डोकं फिरतं," मी म्हणालो. "घाबरलेला माणूस ॲक्सिलरेटर दाबतो आणि देवाशपथ सांगतो की ब्रेक दाबला. खोटं नाही बोलत बिचारा. त्याला खरंच तसं वाटतं. तीस वर्षांत स्वतःचा पाय चुकला म्हणणारा एक मायचा लाल मला दाखव."

"आणि ब्रेक दगडासारखा होतो ते?"

"सगळ्यांचाच होतो. ॲक्सिलरेटर तळाला टेकला की आणखी कुठे जाणार तो? दगडच लागणार!"

मी इतका जोरात हसलो की टेबलाच्या टोकाला बसलेल्या दादांकडे माझं लक्षच गेलं नाही. दादा मार्चपासून टोकाला बसायचे. त्याच सुमाराला त्यांनी अत्तर लावायला सुरुवात केली होती, तेही असं की दार उघडायच्या आधी कळायचं कोण आलंय. थंडीतही गाडीच्या काचा खाली. एकाहत्तर वर्षांचा विधुर माणूस अत्तर लावतो म्हटल्यावर आम्ही काय सोडतोय? "दादा, ती कोण आहे ते तरी सांगा," म्हणून मीच सगळ्यात जास्त छळायचो. ते नुसते हसायचे आणि खुर्ची आणखी लांब सरकवायचे.

त्या दिवशी त्यांची मुलगी मी-रान शेजारी बसली होती. जोन्जूहून सकाळच्या बसने आली होती. दादांच्या सत्तरीला तिनेच पायांशी लावायचा कॅमेरा भेट दिला होता. हल्ली बरेच जण लावतात, म्हणजे उद्या काही झालं तर पाय कुठे होता याचा पुरावा हाताशी राहतो.

"गिलकाका," ती हळूच म्हणाली, "बाबांनी मला शब्द दिलाय. कॅमेऱ्यात पाय ॲक्सिलरेटरवर दिसला, तर सोमवारी ते लायसन्स परत करणार."

"आणि ब्रेकवर दिसला तर?"

"तर मी पुन्हा कधी हा विषय काढणार नाही."

"मग बघितलं का नाही अजून?"

तिने वडिलांकडे पाहिलं. दादांनी कॅमेऱ्यातलं ते इवलंसं कार्ड जेवणाच्या थाळीशेजारी ठेवलं होतं आणि भाताला हात लावला नव्हता.

"मला भीती वाटते, गिल," दादा म्हणाले. "कालपासून तुझं नेहमीचं बोलणं कानात घुमतंय. माझाच पाय असेल तर? चाळीस वर्षं गाडी चालवली. बायको गेल्यापासून घरात तरी काय आहे? सकाळी चावी फिरवली की वाटतं, चला, आपण आहोत अजून."

मी चमचा खाली ठेवला. वाद घालताना मी पाय पाय म्हणत होतो, पण तो पाय कुणाचा आहे हे विसरलोच होतो. आता मनापासून वाटत होतं की नामगुंगचं खरं ठरावं, कंप्युटर बिघडलेला असावा, आणि त्याने पुढची दहा वर्षं मला त्यावरून टोमणे मारावेत.

मी-रानने कार्ड फोनला जोडलं. मावशीही हात पुसत येऊन उभी राहिली. पडद्यावर दादांचे पाय दिसले, मोजे आणि गाडीतल्या सपाता. गाडी वळली. उजवा पाय ॲक्सिलरेटरवरून उठला आणि सरळ ब्रेकवर गेला.

"ब्रेक!" नामगुंग ओरडला. "बघा, ब्रेक!"

पाय ब्रेकवर होता. दादा जीव खाऊन दाबत होते, पण ब्रेक खाली जातच नव्हता. इंजिन मात्र गरजत होतं.

"थांब," मावशी म्हणाली. "ते खाली काय आहे?"

मी-रानने चित्र थांबवलं, बोटांनी मोठं केलं. ब्रेकच्या मागे काठीसारखं काहीतरी आडवं अडकलं होतं. त्याचं दुसरं टोक ॲक्सिलरेटरवर रेललं होतं. दादा जितका ब्रेक दाबत होते, तितका ॲक्सिलरेटर दबत होता. त्या टोकाला तोंड होतं. तोंड वासलेलं होतं.

"मासा?" नामगुंग म्हणाला.

मी उठलो आणि अंगणात गेलो. गाडी कोबीत तशीच उभी होती. पेडलांच्या मागे हात घातला आणि वर कोपऱ्यात जाऊन बसलेला तो मासा ओढून काढला. वाळवून लाकडासारखा झालेला पोलॅक मासा, हातभर लांब, आणि त्याच्याभोवती गुंडाळलेला पांढरा दोरा मधेच झिजून तुटलेला. दोऱ्याची गाठ माझी होती.

सगळे मागोमाग बाहेर आले होते.

"मी ठेवला," मी म्हणालो. "मार्चमध्ये. नव्या गाडीची पूजा करा म्हणून किती मागे लागलो, तर तुम्ही म्हणालात मी चर्चचा माणूस, पूजेत मांडलेल्या डुकराच्या मुंडक्यापुढे वाकणार नाही. मला चैन पडेना. पूजेशिवाय नवी गाडी कोणी रस्त्यावर आणतं का? म्हणून तुम्ही जेवत असताना रीतीप्रमाणे चाकांवर दारू ओतली आणि हा राखणीचा मासा सीटखाली बांधला. डिकीत ठेवतात, पण डिकीत तुम्हाला दिसला असता." मग तेही सांगून टाकलं. "अपघात होऊ नये म्हणून ठेवला होता, दादा."

मावशीने कपाळावर हात मारून घेतला. नामगुंगला हसू आवरेना, पण दादांचा चेहरा बघून त्याने तोंड मिटलं.

दादांनी मासा माझ्या हातातून घेतला. मला वाटलं आता तो माझ्याच डोक्यात घालणार, आणि घातला असता तर मी मानही हलवली नसती. त्यांनी तो नाकाशी नेला. एकदा हुंगला, पुन्हा हुंगला.

"हाच वास," ते म्हणाले.

"कसला वास, बाबा?"

"गाडीत यायचा तो. मार्चपासून. मला वाटलं, माझ्याच अंगाला येतो. वय झालं की येतो म्हणतात ना माणसाला." त्यांनी मासा नाकापासून दूर धरला. "दिवसातून दोनदा आंघोळ करत होतो मी. तुम्हाला जेवताना त्रास नको म्हणून लांब बसायचो."

मी-रानने तोंड फिरवलं. ती हसत होती की रडत होती ते कळेना, बहुतेक दोन्ही. आणि मी? ज्या अत्तरावरून आठ महिने खिदळलो, त्याची मला एवढी लाज वाटली की मान वर करवेना.

"दादा, मला माफ करा."

"देवाचं मी बघतो," दादा म्हणाले. "तू मावशीचं बघ."

मावशीने रबरी हातमोजे माझ्या छातीवर फेकले. त्या संध्याकाळपर्यंत मी शाबूत उरलेला कोबी धूत, चिरत आणि मिठात घालत बसलो होतो. नामगुंग बादली आणून द्यायचा आणि दर खेपेला सांगायचा की बाहेरच्या वस्तूचा शिरकाव ही शक्यता त्याने अभ्यासात धरलीच होती. मी पुढचा गड्डा चिरायला घ्यायचो. मी-रान सातच्या बसने गेली. लायसन्सचा विषय तिने काढला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दार उघडलं तेव्हा कोण आलं ते मला कळलं नाही, कारण कसलाच वास आला नाही. दादा टोकाच्या खुर्चीपाशी थांबले नाहीत. थेट माझ्या आणि नामगुंगच्या मध्ये आले, कोपराने मला ढोसलं आणि म्हणाले, "सरक रे, जागा दे."