माझे गोल कोपरे

मित्रांनो, मी बत्तीस मजल्यांची एक जुनी इमारत आहे. माझे कोपरे गोल आहेत. हे आधीच सांगते, कारण माझा सगळा तोरा त्यांच्यावरच होता.

मला बांधताना मुकादमाने डोक्याला हात लावला होता. "बाई, सरळ कोपरा काढा की! निम्म्या दिवसांत होईल." पण माझा नकाशा काढणाऱ्या बाई हटल्या नाहीत. तिसऱ्या मजल्याचा कोपरा त्यांनी तीनदा पाडून पुन्हा करून घेतला. मी उभी राहिले तेव्हा माझ्यासारखी शहरात दुसरी नव्हती. लोक माना वर करून बघत आणि मी मनातल्या मनात फुगत असे.

मग रस्त्यापलीकडे साठ मजली टॉवर उठला. त्याचेही कोपरे गोल! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. लोक माझ्याकडे पाठ करून त्याचे फोटो काढू लागले. एका मुलीने तर कहरच केला. आईला म्हणाली, "बघ ना, हिने त्याची कॉपी केलीय!" पुढे त्याची एक काच तडकली, तेव्हा मला फार बरे वाटले. खोटे कशाला बोलू?

एक दिवस माझ्या बाई काठी टेकत आल्या. सोबत एक वार्ताहर होती. अठराव्या मजल्यावरच्या खिडकीशी तिने विचारले, "समोरच्या आर्किटेक्टने सरळसरळ तुमची नक्कल केलीय. तक्रार करणार ना?"

मी जिवाचा कान केला.

बाई हसल्या. "आमच्या शाळेमागे पाण्याची गोल टाकी होती. मी तिच्यावरून घेतलं. चोर म्हणायचं तर आधी मला म्हणा." मग त्यांनी माझ्या ओल आलेल्या भिंतीवर हात ठेवला. "त्याने कोपऱ्यांतलं पाणी बाहेर काढायला पन्हळ ठेवलीय. मला ते सुचलं नव्हतं, म्हणून ही गळते."

पाण्याची टाकी! मला तोंड कुठे लपवावे कळेना.

आठवड्याभरात बाईंनी समोरच्या टॉवरच्या तरुण आर्किटेक्टला बोलावले. गुडघ्यांवर बसून ओल तपासता तपासता तो म्हणाला, "कॉलेजात असताना मी रोज समोरच्या फुटपाथवर बसून हिची चित्रं काढायचो, बाई."

"मग आता हिला दुरुस्त कर."

त्याने एक कोपरा अगदी मन लावून दुरुस्त केला. तरीही सकाळचे ऊन आधी समोरच्या काचांवर पडले की माझा जीव जळतोच. मित्रांनो, आमच्यात अस्सल कोण आणि नक्कल कोण, यावर खुशाल भांडा. पण माझे तीन कोपरे अजून गळतात. तेवढे आधी बघा.