समुद्राकडे पाठ केलेली टाकी

मी एक जुनी काचेची टाकी आहे, मित्रांनो. एके काळी माझ्यात मासे राहत. सध्या एक डुकरीण राहते. दोन्हींच्या मधे काय घडले, ते सांगते.

फिजीतल्या वानुआ लेवू बेटावर, किनाऱ्यावरच्या एका लहानशा गावात माझा जन्म झाला. जन्म म्हणजे जुळणी. माझ्या काचा राजधानी सुवाहून मालवाहू बोटीने आल्या, धक्क्यापासून ट्रकने आल्या आणि रस्ता संपल्यावर गावच्या रग्बी संघाच्या खांद्यावरून आल्या. संघ त्या वर्षी एकही सामना जिंकला नव्हता. काच न फोडता घरापर्यंत पोचवली, हाच काय तो त्यांचा विजय. त्याचीही मेजवानी झाली.

मला बांधले अलिपातेने. ऐन तारुण्यात तो प्रवासी जहाजावर कामाला गेला आणि कानशिले पांढरी होईपर्यंत परतला नाही. जहाजाच्या जेवणघरात भिंतीएवढी माशांची टाकी होती. ती सांभाळणे हे त्याचे काम. मग घरून निरोप गेला की वडिलांना, म्हाताऱ्या केलेपीला, अर्धांगवायूचा झटका आलाय. उजवे अंग गेले, वाचा गेली. केलेपीची सगळी हयात खडकांच्या रांगेपलीकडे मासे मारण्यात गेलेली. आता तो खाटेवर पडून होता. अलिपाते आला, बापाच्या पायाशी बसून पोटभर रडला आणि दुसऱ्या दिवशी मोजपट्टी घेऊन खोली मोजायला लागला. बाप समुद्रावर जाऊ शकत नाही, तर समुद्रच घरात आणायचा, असे त्याने ठरवले होते.

मी काही शोभेची बरणी नव्हते. गावातल्या सगळ्यात मोठ्या होडीपेक्षा मी लांब होते. खाली काँक्रीटचा ओटा, त्यावर लोखंडी चौकट, चौकटीवर मी. काचांचे सांधे सिलिकॉनने भरले. ते वाळेपर्यंत घरभर व्हिनेगरचा वास सुटला होता. शेजारीण लोणच्याच्या आशेने दोनदा डोकावून गेली. पहिल्यांदा पाणी भरले तेव्हा मी डाव्या कोपऱ्यात पाझरले. अलिपातेने सगळे पाणी उपसले, सांधा पात्याने खरवडला आणि पुन्हा भरला. पुन्हा पाझरले, पुन्हा खरवडला. एका शब्दाने चिडला नाही. तेव्हाच मी ओळखले की हा माणूस टाकी बांधत नाहीये, बापाची माफी मागतोय.

माझ्या लांबीला पुरेल अशी घरात एकच भिंत होती, समुद्राकडची. तिला एक खिडकी होती. खिडकीतून ऊन आले की टाकीत शेवाळ माजते, म्हणून अलिपातेने खिडकीवर प्लायवूड ठोकले आणि माशांना बरे वाटावे म्हणून ते निळे रंगवले. अशा रीतीने समुद्र दिसणार नाही याचा पक्का बंदोबस्त करून, समुद्र दिसण्याची सोय पूर्ण झाली. खाटेवरचा केलेपी बघत होता. त्याला बोलता येत नव्हते.

मग भरतीच्या वेळी पाइप टाकून माझ्यात पाणी घेतले. अलिपातेने खडकांतून मासे धरून आणले. निळेहिरवे पोपट मासे, लाल तांबोशी आणि काळ्या ठिपक्यांचा एक रागीट गोब्रा. दिवा लावून अलिपाते खाटेशी वाकला. "बाबा, मासे आवडतात ना?"

केलेपीने भुवया वर केल्या. आमच्याकडे भुवया वर म्हणजे हो. अलिपातेचे डोळे भरून आले. आता जन्मभर मासे मारलेल्या माणसाला मासे आवडतात का म्हणून विचारले, तर तो दुसरे काय सांगणार?

ते दिवस माझ्या भाग्याचे होते. माणसे लांबलांबून मला पाहायला येत. केलेपी तर सकाळपासून अंधार पडेपर्यंत एकटक माझ्याकडे बघत असे. मी फुगले, मित्रांनो. काचेने फुगू नये, पण फुगले.

अलिपाते एक गोष्ट जहाजावर विसरून आला होता. आमच्या गावात नातलगाने वस्तू मागितली की नाही म्हणत नाहीत, आणि गावात सगळेच एकमेकांचे नातलग. म्हणून शहाणी माणसे चांगली वस्तू पेटीत ठेवतात. अलिपातेने ती काचेत ठेवली होती, वर दिवाही लावला होता.

पहिली आली लिटिआ आत्या. भावाची विचारपूस केली, माझी स्तुती केली, मग सुनेला डोहाळे लागल्याचे सांगितले. सून फक्त पोपट मासाच खाते म्हणाली. दोन गेले. मग पाद्रीबुवांच्या रविवारच्या जेवणाला तांबोशी गेल्या. रग्बी संघ अखेर एक सामना जिंकला आणि त्या आनंदात उरलेले पोपट मासे नारळाच्या दुधात पडले. एकाने दगड मागितले. एकाने हवेचा पंप सायकलच्या चाकाला चालेल का, हे करून बघायला नेला. अलिपाते हसून देत असे आणि पहाटे नवे मासे धरायला निघत असे. दिवसभर तो समुद्रावर आणि बाप घरात एकटा. मग कुणीतरी त्याच्या होडीचे इंजिनच मागितले आणि नवे मासे आणणेही संपले.

पण मी एक गोष्ट पाहिली होती, जी अलिपातेने पाहिली नाही. पाहुणे आले की तो त्यांच्याकडे तोंड करून बसे आणि त्याची पाठ खाटेकडे असे. पाहुण्याची नजर माझ्यातल्या एखाद्या माशावर रेंगाळली की मागे केलेपीच्या भुवया वर जात. हो, माग. ने. पाहुणा घुटमळला तर पुन्हा वर जात. माझा एकेक मासा केलेपीनेच वाटून टाकला होता.

मासे कमी झाले तेव्हा मला त्याची नजर नीट कळली. तो माझ्याकडे बघतच नव्हता. तो माझ्या पलीकडे, त्या निळ्या फळीकडे बघत होता. त्यानंतर माझे पाणी गढूळ राहू लागले. लोक म्हणाले, पंप गेला म्हणून. म्हणोत बापडे.

शेवटी एकटा गोब्रा उरला. तेव्हा सेतारेकी आला. हा केलेपीचा मेव्हणा, अलिपातेचा सख्खा मामा. आमच्याकडे मेव्हण्यांनी एकमेकांची टर उडवायची, असा रिवाजच आहे.

"काय रे, अजून आहेस?" तो खाटेशी बसत म्हणाला. "मी तुझ्या मयताला डुक्कर पोसतोय. ते म्हातारं होऊन मरेल, पण तू हलायचा नाहीस."

केलेपीचे अर्धे तोंड हसले. उरलेले अर्धे हसणे त्याने डोळ्यांनी पुरे केले. सेतारेकीने गोब्र्याकडे पाहिले. भुवया वर. सेतारेकीने हे ओळखले. मासे मारताना दोघे एका होडीत बसत, आणि होडीत मोठ्याने बोलत नाहीत. त्याने हळूच विचारले, मासा नेऊ? वर. पाणी? वर.

"आणि टाकीच नेली तर?"

भुवया वर गेल्या त्या खाली येईनात. सेतारेकीने वळून माझ्यामागच्या निळ्या फळीकडे पाहिले. मग उठला आणि न जेवता गेला.

पुढच्या आठवड्यात तो धुतलेला सदरा घालून, हातात देवमाशाचा दात घेऊन आला. हा दात मुलगी मागायला काढतात, खुनाची माफी मागायला काढतात. माशांची टाकी मागायला तो गावात पहिल्यांदाच निघाला होता. सेतारेकीने अलिपातेसमोर मांडी घालून रीतसर बोलणे केले आणि मला मागितले.

अलिपातेचा चेहरा उतरला. "मामा, दुसरं काहीही मागा. घर मागा."

"घर घेऊन काय करू, त्यात तू आहेस," सेतारेकी म्हणाला. "माझी होडी नेलीस, दोन डुकरं नेलीस. मामाचं हवं ते न्यायचा भाच्याचा हक्क म्हणून मी हूं की चूं केलं नाही. आज मी मागतोय."

"बाबांना दुसरं काय आहे हो? मी इतकी वर्षं नव्हतो. एवढी एकच गोष्ट त्यांच्यासाठी केली मी."

"ऊठ. त्याच्या उशीवर डोकं टेक. काय दिसतं सांग."

अलिपाते बापाशेजारी आडवा झाला. दोन डोकी एका उशीवर. माझ्या गढूळ पाण्यातून त्याने पाहिले.

"निळी फळी," तो म्हणाला.

"आणि तिच्यामागे?"

अलिपाते तसाच पडून राहिला. मग उठला, दोन्ही हातांनी दात घेतला आणि रीतीप्रमाणे हातांची ओंजळ करून टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांना आवाज जेमतेम होता.

गोब्रा समुद्रात परत गेला, जाता जाता अलिपातेला चावून. मी दारातून जाईना, कारण मला घरातच जुळवले होते. म्हणून समुद्राकडच्या भिंतीचे पत्रे उतरवावे लागले. रग्बी संघाने मला उचलले. केलेपीला एक खिडकी परत हवी होती, तर सगळी भिंतच गेली. त्याच्या समोर ओहोटीचा समुद्र होता, उघडे पडलेले खडक होते आणि त्यांच्यावर वाकलेल्या बायका शिंपले वेचत होत्या. केलेपीने डाव्या हाताने खाटेवर थोपटले. अलिपाते जवळ बसला. दोघे तिकडे बघत राहिले. मी खांद्यांवरून दूर जात होते. जाताना मला एकदाही कुणी पाहिले नाही.

भिंत नंतर पुन्हा उभी राहिली, दुप्पट रुंद खिडकी ठेवून. अलिपाते दिवसभर घरी असे. कसावा सोलत बापाला कोणती होडी परतली, कोणती अजून बाहेर आहे, ते सांगत असे. पावसाळ्याच्या तोंडाला केलेपी गेला. सेतारेकीचे डुक्कर वेळेवर उपयोगी पडले, आणि त्या जेवणात सगळ्यात मोठ्याने रडला तोही सेतारेकीच.

मी त्याच्या अंगणात पडले आहे. एक बाजू फुटली, तिथून डुकरीण आत-बाहेर करते. तिची पिल्ले काचेतून सगळ्यांना दिसतात, त्यामुळे ती भराभर कमी होतात. अलिपाते रोज इथूनच समुद्रावर जातो आणि मान वळवत नाही. मी त्याला दोष देत नाही. मला फार कष्टाने, फार मायेने बांधले गेले होते, आणि ज्याच्यासाठी बांधले त्यालाच मी नको होते. याचे ओझे पाण्यापेक्षा जास्त असते.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, असे मी म्हणणार नाही. मला आता जपून उपयोग नाही. पण घरात कुणी अंथरुणाला खिळले असेल, तर त्याच्यासाठी काहीही आणायच्या आधी क्षणभर त्याच्या शेजारी आडवे व्हा. त्याला काय दिसते ते बघा. आणि आपण त्याच्या समोर तर उभे नाही ना, एवढे तपासा.