पोहण्याच्या बाईंचं हलकेपण

पोहायला शिकवणाऱ्या बाईंची मूत्रपिंडं निकामी झाली, तेव्हापासून त्या दिवसाआड डायलिसिसला जात. त्याची सवय झाली होती. पण अलीकडे काही वेगळंच घडत होतं. उठलं की पायाखाली जमीन आहे की नाही, तेच कळेना. भिंती मागे सरकत. कानात पाण्याखालचा असतो तसा मंद घुमारा राही, आणि थोरली बहीण शेजारी बसून बोलली, तरी आवाज तलावाच्या पल्याडून आल्यासारखा वाटे. खरं सांगायचं तर बाईंना ते आवडू लागलं होतं.

"अगं, चेहरा बघ, पांढराफटक पडलाय," ताई म्हणाली.

"किडनीवाल्यांना रक्त कमीच असतं. उगाच राईचा पर्वत नको करूस."

शौचाला डांबरासारखं काळं होत होतं, ते मात्र त्या बोलल्या नाहीत. असलं कुणाला सांगायचं?

एका दुपारी जिना उतरताना पायऱ्या निळ्या झाल्या, संथ हलू लागल्या. बाईंनी श्वास धरला, हात पुढे केले आणि सूर मारला. मागून ताईने कंबर धरली, म्हणून थोडक्यात निभावलं.

दवाखान्यात अखेर त्यांनी डॉक्टरांना सगळं सांगितलं आणि वर स्वतःच निदान जोडलं, "लोहाच्या गोळ्यांनी होत असेल."

"त्या केव्हाच बंद केल्यात. लोह आता सुईने देतोय, त्याने काळं होत नाही. पोटात रक्त जातंय, बाई."

घशातून दुर्बीण घातली, तेव्हा जठरात बारीक, फुगलेल्या रक्तवाहिन्या थेंबथेंब पाझरताना दिसल्या. किडनीच्या आजारात असं होतं, म्हणे. डॉक्टरांनी त्या जागा डाग देऊन बंद केल्या. डायलिसिसच्या वेळी रक्त गोठू नये म्हणून देतात ते औषध थांबवलं, आणि रक्ताची पिशवी लावली.

गुंगीत बाईंना दिसलं, आपण एका रिकाम्या तलावाच्या तळाशी झोपलोय, आणि कुणीतरी अनोळखी माणूस काठावर बसून सावकाश कोमट पाणी सोडतोय.

जाग आली तेव्हा ताई उशाशी होती. "आधी का नाही गं सांगितलंस?"

"बरं वाटत होतं. सगळं लांब गेलं होतं, ताई. आजारसुद्धा."

ताईने डोळे पुसले. "पुन्हा लांब जायला लागलीस, तर निदान हाक तरी मार."

बाईंनी होकारार्थी मान हलवली आणि काहीतरी खायला मागितलं.